हरलेला डाव

सात रविवार मी शेजारच्या अण्णांकडून बुद्धिबळात हरत होतो. कारणे तयारच असत: कधी दिवा मंद, कधी चहा थंड, कधी पोरांचा गलका. आठव्या पराभवानंतर सौ. म्हणाली, "अहो, मुलांचे पेपर लाल शाईने तपासता, एकदा स्वतःचा डाव तपासा की!"

बोलणे झोंबले, पण पटले. तेव्हापासून प्रत्येक खेळी वहीत टिपू लागलो. रात्री पट मांडून तोच डाव एकट्याने पुन्हा खेळायचा आणि चुकलेल्या खेळीच्या वेळी मनात काय होते, ते समासात लिहायचे. चार डावांत रोग सापडला. फुकटचे प्यादे दिसले की माझा वजीर धावे, आणि इकडे राजा उघडा पडे. दिवा बिचारा निर्दोष होता!

यातून जगज्जेतेही सुटलेले नाहीत. १९६० साली तरुण ताल याने बोटविनिकचे जगज्जेतेपद हिरावले. पन्नाशीला टेकलेल्या बोटविनिकने हरलेले डाव कसून तपासले आणि १९६१ साली ते पद परत मिळवले.

आता संगणक क्षणात चूक दाखवतो. पण त्या चुकीमागची हाव आपल्याच अक्षरांत वाचावी लागते. तेव्हा फराळानंतर पट मांडाल, तर शेजारी वहीही ठेवा.

गेल्या रविवारी आमचा डाव बरोबरीत सुटला. सोंगट्या आवरताना अण्णा म्हणाले, "काय प्रोफेसर, आज दिव्याची तक्रार नाही?"