आधी दांडी, मग पिकअप

विद्युत गिटार हे कारखान्यातून बाहेर पडतानाच उघडण्याच्या सोयीने बनवलेले वाद्य आहे, आणि घरच्या घरी तिची डागडुजी, सजावट व सुधारणा करण्याचा छंद जगभर फोफावला त्याचे मूळ तिच्या या घडणीतच सापडते. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५०-५१ मध्ये बाजारात आणलेल्या टेलिकास्टरमध्ये, आणि पुढे १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये, वाद्याची दांडी सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी धडाला जोडली, आणि आवाजाचे नियंत्रण करणारे भाग चार-दोन स्क्रू काढताच हाती येतील असे बसवले. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे ही गोष्ट बहुधा गमतीने सांगितली जाते; पण वादकाऐवजी दुरुस्ती करणाऱ्याने आखलेले वाद्य म्हणूनच ते आजही पेचकस हाती धरणाऱ्या कोणालाही जवळचे वाटते, हे त्या गमतीतले खरे तात्पर्य आहे.

या छंदाची जी पाठ्यपुस्तके आणि चित्रफिती उपलब्ध आहेत त्या प्रामुख्याने अमेरिकेत किंवा युरोपात, कृत्रिम उष्णतेने कोरड्या राखलेल्या खोल्यांत तयार झालेल्या आहेत, आणि त्यांतील कामांचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो: प्रथम पिकअप बदलावे, मग खुंट्या, मग ब्रिज म्हणजे धडावरची घोडी, आणि दांडीकडे काही बिघडलेच तर पाहावे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे देऊन केलेले वेटोळे. पोलादी तार त्याच्यावर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अॅम्प्लिफायर तो वाढवतो. हा भाग चकचकीत, नाव असलेला आणि महाग असल्यामुळे त्याच्यावर पैसा आधी खर्च होणे स्वाभाविक आहे. मावळ तालुक्यात मात्र, विशेषतः लोणावळा, खंडाळा आणि कामशेतच्या पट्ट्यात, हा क्रम उलटा करणे भाग आहे, कारण येथे वाद्याचे वर्तन ठरवणाऱ्या दोन गोष्टी त्या पुस्तकांत गृहीत धरलेल्या नाहीत. पहिली हवा आणि दुसरी वीज.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेथून तीसएक किलोमीटरवरच्या तळेगाव दाभाड्याला तो त्याच्या तुलनेत फारच थोडा असतो. याचा अर्थ असा की एकाच तालुक्यात राहणारे दोन छांदिष्ट वाद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या प्रदेशांत राहतात, आणि लोणावळ्यातील वाद्य वर्षभरात दोन्ही टोके पाहते: जुलैत भिंतीला ओल धरते, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, आणि फेब्रुवारीच्या दुपारी तीच खोली खडखडीत कोरडी होते. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते, आणि हा फुगवटा व आकुंचन रेषांच्या लांबीत नगण्य पण रेषांच्या आडवे लक्षणीय असते. फ्रेट, म्हणजे सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या आडव्या पट्ट्या, आकुंचन पावत नाहीत; म्हणून पावसाळ्यात बिनतक्रार वाजणाऱ्या गिटारच्या दांडीच्या कडेला माघ-फाल्गुनात हात फिरवला तर फ्रेटची टोके बोटांना बोचू लागतात. नवख्या माणसाला वाटते की फ्रेट बाहेर आल्या; प्रत्यक्षात लाकूड आत गेलेले असते. अशा वेळी बारीक कानशीने टोके घासून घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, मात्र ते कोरड्या ऋतूतच करावे, कारण पावसाळ्यात दुरुस्त करण्यासारखे तेथे काहीच दिसत नाही.

दांडीचा दुसरा प्रश्न वाकण्याचा. सहा तारा मिळून साधारण ४० ते ५० किलोंचा ताण देतात, आणि त्याला तोलून धरण्यासाठी दांडीच्या पोटात एक पोलादी सळई बसवलेली असते, जिला ट्रस रॉड म्हणतात. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांनी तिचे स्वामित्वपत्र १९२३ मध्ये मिळवले. अॅलन कीने ही सळई पाव फेरा आवळली वा सैल केली की दांडीचा बाक बदलतो. पूर्ण सरळ दांडी चांगली असा एक समज आहे, तो चुकीचा आहे: कंप पावणाऱ्या तारेला जागा हवी म्हणून तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली असता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट राखावी लागते. ओल वाढली की ही फट बदलते. कोणत्या बाजूने बदलेल हे लाकडाच्या रेषा, त्यावरचा लेप आणि फ्रेट ज्या फळीवर बसवलेल्या आहेत तिची जात यांवर अवलंबून असल्यामुळे त्याविषयी छातीठोक नियम सांगणाऱ्यांवर विश्वास न ठेवणे बरे. लोणावळ्यातील गिटारला वर्षातून किमान तीनदा, पाऊस स्थिरावल्यावर, दसऱ्याच्या सुमारास आणि थंडी सरताना, हे मोजमाप लागते. ज्याने हे केले नाही आणि हजारो रुपयांचे पिकअप बसवले, त्याला मिळतो तो अधिक सुस्पष्ट खरखराट.

रंगकामाच्या बाबतीत मावळातील छांदिष्टाने चित्रफितींपेक्षा फर्निचर पॉलिश करणाऱ्या कारागिराला विचारणे अधिक शहाणपणाचे ठरेल. जुन्या गिटारींवर असे तसा नायट्रोसेल्युलोज लॅकरचा लेप चढवण्याची अनेकांना हौस असते, कारण तो पातळ बसतो आणि वयाबरोबर सुरेख पिवळसर होतो. पण लॅकरमधील थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प तेथे जमून लेपात अडकते आणि चकाकीच्या जागी दुधट पांढरेपणा येतो. पॉलिशवाल्याला हे शास्त्र माहीत नसेल, पण पावसात चपड्याचे पॉलिशही पांढरे पडते हे तो पहिल्याच प्रश्नाला सांगेल, आणि काम दिवाळीनंतरवर टाकेल. दोन घटक मिसळून घट्ट होणारे पॉलियुरेथेन, जे मोटारींच्या रंगकामात वापरतात, त्या मानाने कमी लहरी आहे, परंतु त्याच्या घटकांतील आयसोसायनेटे फुप्फुसांना घातक असल्यामुळे बंद खोलीत, साधा रुमाल नाकाला बांधून ते फवारणे हा शुद्ध अविचार होय. मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एखाद्या गॅरेजमधून ते फवारून घेणे सर्वथा श्रेयस्कर.

दांडी सरळ झाली, की पुढची पायरी तार जेथे टेकते त्या दोन टोकांची, आणि या बाबतीत महाराष्ट्राजवळ शिकवण्यासारखे फार मोठे भांडवल आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मिरजेच्या कारागिराचा लौकिक भोपळ्यावर किंवा नक्षीवर जेवढा अवलंबून आहे त्याहून अधिक तो जवारीवर आहे. जवारी म्हणजे घोडीचा वरचा पृष्ठभाग इतक्या अल्प उतारात घासणे की कंप पावणारी तार त्याला पुनःपुन्हा स्पर्शत राहील आणि त्या स्पर्शातून स्वराचे वरचे अंश झंकारत बाहेर पडतील. हे काम कागदाच्या जाडीच्या हिशेबात चालते आणि ऐकत ऐकतच करावे लागते. गिटारमध्ये उद्दिष्ट नेमके उलट आहे, तेथे तार एका काटेकोर कडेवरूनच सुटली पाहिजे, रेंगाळता कामा नये; परंतु हाताचे कौशल्य तेच आहे. दांडीच्या टोकाला असलेली हाडाची किंवा प्लास्टिकची खाचांची पट्टी, जिला नट म्हणतात, तिच्या खाचा अरुंद असतील तर तार अडकते आणि बोटाने ओढून सोडल्यावर सुरात परतत नाही. खोल असतील तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खणखणते. स्वस्त गिटारची बहुतांश बदनामी या एका पट्टीने केलेली असते, आणि लोक दोष खुंट्यांना देऊन खुंट्या बदलतात. हाडाचा तुकडा, बारीक कानशी आणि संयम एवढ्यावर हे काम होते.

वाद्यात स्वतःच्या संगीतासाठी फेरफार करण्याची परंपराही येथे नवी नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारा उंच उचलून आणि चिकारीच्या तारांची सोय करून ती रागसंगीताला जुळवली, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतून संतूर आणि बासरीच्या सोबतीने घरोघरी पोहोचवली. विश्वमोहन भट्ट यांनी आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. परदेशातील उदाहरण द्यायचे तर क्वीन या वाद्यवृंदाच्या ब्रायन मे यांनी १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली गिटार प्रसिद्धच आहे, जिची दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरलेली आणि तारांचा ताण हलवणाऱ्या दांड्याच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या आहेत. 

लाकूड निवडताना लोणावळ्याच्या परिसरात एक आकर्षण असते: पाडलेल्या जुन्या बंगल्यांचे सागवानी दरवाजे आणि तुळया. असे लाकूड दशकानुदशके मुरलेले असल्यामुळे कमी वाकते, हे खरे. पण साग अमेरिकी गिटारींच्या आल्डरपेक्षा बराच जड असतो, आणि पाऊण इंच अधिक जाडीचा मोह झाला तर तीन तासांच्या सरावानंतर खांदा त्याची आठवण करून देतो. फ्रेट बसवण्याच्या फळीसाठी जगभर वापरला जाणारा भारतीय रोझवुड म्हणजे पश्चिम घाटातलीही शिसव. तिच्यासह डालबर्जिया प्रजातीतील जवळजवळ सर्व जाती २ जानेवारी २०१७ पासून वन्यजातींच्या व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि गिटारउद्योगाची धांदल उडाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तेव्हा ती शमली. घनधडाच्या गिटारमध्ये लाकडाच्या जातीने आवाज किती बदलतो यावर अद्याप कडाक्याचे वाद होतात. जेथे तार थेट चुंबकावर कंप पावते तेथे धडाच्या लाकडाचा वाटा नट, फ्रेट आणि पिकअपची उंची यांच्या मागेच राहावा, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

आता वीज. मावळाचे विजेशी नाते जुने आहे: वळवण, लोणावळा आणि शिरोता या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये मुंबईला वीज पुरवली. आज देशभर ज्या ५० हर्ट्झ वारंवारतेचा प्रवाह घरात येतो तो एकपदरी, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपलाही ऐकू येतो, कारण तारेचे कंपन टिपणारे वेटोळे भिंतीतील वायरिंगचे चुंबकीय क्षेत्रही तितक्याच निष्ठेने टिपते. या गुणगुणीचा दुप्पट, १०० हर्ट्झचा अंश सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरील ९८ हर्ट्झच्या ‘जी’ या स्वराहून केवळ तृतीयांश अर्धस्वराने चढा असतो, त्यामुळे भारतात ‘जी’मधील गाणे वाजवणाऱ्याला ही गुणगुण बेसुऱ्या तंबोऱ्यासारखी सलते, अमेरिकेत ६० हर्ट्झमुळे तीच कुरकुर वेगळ्या जागी पडते. गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये आखलेल्या हंबकरने यावर तोड काढली: उलट वेढ्यांची आणि उलट ध्रुवांची दोन वेटोळी जोडली की तारेचा आवाज दुणावतो आणि बाहेरची गुणगुण परस्पर रद्द होते. एकपदरी आवाजच हवा असणाऱ्याने पिकअपखालच्या खळग्यांना तांब्याची चिकटपट्टी लावून, सांधे सोल्डर करून, ते अस्तर अर्थला जोडावे. त्याने खरखर आणि चरचर कमी होते, मात्र चुंबकीय गुणगुण तशीच राहते, हे विक्रेते सांगत नाहीत. पुण्यातील बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात, यासाठी लागणारे २५० आणि ५०० किलोओहमचे पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलणारी बटणे, आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर किरकोळ किमतीत मिळतात. पहिला पॉट एकपदरी पिकअपला, दुसरा हंबकरला साजतो.

गिटारच्या आतील वायरिंगमध्ये क्षीण प्रवाह असल्यामुळे तेथे चूक झाली तर आवाज जातो, जीव जात नाही. धोका अॅम्प्लिफायरकडून येतो, कारण ब्रिजपासून जाणारी अर्थची तार वादकाच्या हाताला अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी थेट जोडते. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये स्वॉन्सी येथे रंगमंचावर मायक्रोफोनला स्पर्श करताच विजेच्या धक्क्याने दगावला. लोणावळ्यातील अनेक जुन्या बंगल्यांत सॉकेटला तिसरे भोक असते पण त्यामागे अर्थची तार नसते, असली तरी अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे तपासलेला नसतो, आणि भिंती चार महिने ओल्या राहतात. पिकअप, पॉट आणि कपॅसिटर यांच्यावर खर्च करण्याआधी घरात ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच बसवून घ्यावा आणि त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. स्विच बसवण्याचे काम मात्र छांदिष्टाने स्वतः करू नये. ते परवानाधारक वायरमनकडून, आणि शक्यतो पावसाळ्यापूर्वी, करून घ्यावे.