पेढीवरच्या गोष्टी : वस्तऱ्याची धार आणि दुकानाची पत



गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या चिरंजीवांनी दुकानात वस्तरे ठेवण्याचा विषय काढला. गावातील काही तरुणांना उघड्या पात्याच्या वस्तऱ्याची हौस लागली आहे; परंतु नामांकित परदेशी वस्तऱ्याची किंमत ऐकताच ते मागे फिरतात. त्यांना परवडेल असा माल आणावा, हा विचार रास्तच होता. आठ दिवसांत एका घाऊक व्यापाऱ्याकडून डझनभर नग आले. पात्यावर ‘झोलिंगेन’ असे कोरलेले आणि भाव मात्र भाजीच्या सुरीचा!

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जर्मनीतील झोलिंगेन हे सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. त्या नावाला तेथे १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. पाते त्याच परिसरात घडल्याविना ते नाव त्यावर घालता येत नाही. अशा भावात तो माल येणे अशक्य. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून विकणे, हा एक सांगितला आहे. मी माल परत पाठविला. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले.

चिरंजीव नाराज झाले. “अण्णा, गिऱ्हाईक काय जर्मनीला जाऊन पाहणार आहे?”

“त्याला ठाऊक नसेल; आपल्याला तर आहे ना?” मी म्हणालो.

मग आम्ही दोघांनी बसून नव्याने हिशेब मांडला. तो येथे देतो.

पहिली गोष्ट, गिऱ्हाईक ओळखावे. नाभिक बांधवांना बहुधा पाते बदलण्याचा वस्तरा लागतो. प्रत्येकाला नवे पाते लावता येत असल्याने तो आरोग्यास हितकर. हा माल स्वस्त असून त्याला मागणीही कायम असते. अखंड पात्याचा वस्तरा हौशी लोकांपुरता, थोडाच ठेवावा.

दुसरी गोष्ट, खरेदी. चीनमध्ये बनलेले साधे पोलादी वस्तरे स्वस्त मिळतात आणि त्यात कमीपणा काही नाही. स्वतः आयात करायची तर आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. लहान दुकानाने आयातदाराकडून पक्क्या बिलानेच घ्यावे. वेष्टनावर आयातदाराचे नाव, मूळ देश आणि कमाल किंमत छापलेली पाहावी. बिनबिलाचा चोरटा माल म्हणजे ‘विरुद्धराज्यातिक्रम’.

तिसरी गोष्ट, पारख. आधी पाच-सहा नग नमुन्यादाखल मागवावेत. पाते काचेवर आडवे ठेवावे. पाठ आणि धार दोन्ही सरळ टेकल्या पाहिजेत. मिटताना पाते मुठीच्या मधोमध बसावे, खिळ ढिली नसावी.

चौथी गोष्ट, धार. स्वस्त वस्तरा कारखान्यातून आला तसा दाढीला क्वचितच चालतो. १००० क्रमांकाच्या दगडापासून ८००० पर्यंत चढत जाऊन धार लावावी लागते. तो खर्च आधीच धरावा. समजा, ४०० रुपयांचे दहा नग घेतले आणि एक वाकडा निघाला. तर उरलेला प्रत्येक नग सुमारे ४४५ रुपयांना पडला. धारेचे १५० मिळवा; ४०० चा वस्तरा जवळपास ६०० चा झाला. हे न धरता भाव सांगितला, तर तोटा आपला किंवा फसवणूक गिऱ्हाइकाची.

पाचवी गोष्ट, आपल्या घरची. मूठ लाकडाची किंवा प्लास्टिकची घ्यावी. शिंग, हाड नको. जुन्या वस्तऱ्यांना कधी हस्तिदंती मूठ असते. तो व्यापार धर्माला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यालाही अमान्य. धार परजण्यासाठी चामड्याच्या पट्ट्याऐवजी जाड तागी कापडाचा पट्टा ठेवला, तरी काम भागते.

आता गावातील एक वयोवृद्ध नाभिक आम्हाला धार लावून देतात; त्यांनाही चार पैसे मिळतात. डबीवर चिरंजीवांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: ‘चीनमध्ये बनलेला. धार आपल्या गावात लावलेली. पावसाळ्यात कोरडा पुसून तेलाचा हात द्यावा.’

परवा एका तरुणाने ते वाचले, हसला आणि म्हणाला, “काका, इतके खरे लिहिल्यावर कोण घेईल?” जाताना मात्र एक घेऊन गेला. काल त्याचा भाऊ आला होता.