अंड्याचा पैसा कोणाचा?

२०२५ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. अमेरिकेत अंडी इतकी महाग झाली, की एका डझनाला सरासरी सव्वासहा डॉलर पडू लागले. आपल्या हिशोबात एका अंड्याला पंचेचाळीस रुपयांच्या घरात! बर्ड फ्लूमुळे तिथल्या मोठमोठ्या फार्मवरच्या कोट्यवधी कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या होत्या. तेव्हा तिथल्या कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स टीव्हीवर बोलल्या, की लोकांनी आता परसात कोंबड्या पाळायचा विचार करावा, त्यांनी स्वतःही पाळल्यात.

ही बातमी मी आमच्या गल्लीतल्या आत्यांना वाचून दाखवली. आत्यांचं वय सत्तरच्या पुढे, कोंबड्या पाळण्याचा अनुभव साठ वर्षांचा. त्या म्हणाल्या, "हे सांगायला मंत्री कशाला लागते वं?"

मी हसले, पण मग विचारात पडले. आपल्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही हे खरं. सटाण्यात काय, ताहाराबादला काय किंवा नामपूरला काय, मागच्या दाराशी एखादं खुराडं असतंच. पण जे न सांगता चालतं, त्याची कोणी दखलही घेत नाही. कोंबडीचं नेमकं तेच झालंय.

आकडे पाहा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातले जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसातले होते. मागच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा परसातले पक्षी ४५ टक्क्यांहून जास्त वाढले, तर मोठ्या फार्मवरचे जेमतेम साडेचार टक्के. म्हणजे गाजावाजा फार्मचा, आणि वाढ आपल्या खुराड्यांची! हे ३२ कोटी पक्षी सांभाळतं कोण? सकाळी खुराडं उघडतं कोण, संध्याकाळी मोजून आत घेतं कोण? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

आता माझ्या घरचं सांगते. माझ्याकडे बारा कोंबड्या आहेत. आठ ग्रामप्रिया, चार देशी. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेनं खास परसासाठी तयार केलेली जात. तिथलीच वनराजा, आणि बंगळुरूच्या विद्यापीठाची गिरिराजा. या तिन्ही आपल्याकडे बऱ्यापैकी रुळल्यात. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, फार तर ऐंशी. या सुधारित जाती नीट खायला घातलं तर त्याच्या दुप्पट. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे रवणावर बसवायला देशीच लागते. म्हणून मी दोन्ही ठेवते. अंडी इकडची, आई तिकडची!

महिन्याला माझ्याकडे सव्वाशेच्या आसपास अंडी होतात. निम्मी घरात लागतात. साठेक अंडी मी बारा रुपयांनी विकते, त्याचे सातशे वीस आले. घरात खाल्लेल्या पासष्ट अंड्यांचे दुकानातल्या सात रुपये भावानं साडेचारशे धरा. मका, बाजरी, थोडं खाद्य मिळून साडेपाचशे खर्च होतो. हाती उरले सव्वासहाशे. "एवढ्याशा पैशासाठी एवढा खटाटोप?" असं आमच्या घरात दर दिवाळीला विचारलं जातं. विचारणारे तेच, जे सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट मागतात. असो.

पण या सहाशे रुपयांची एक गंमत आहे. कांद्याचे पैसे मार्केटातून येतात ते यांच्या खात्यावर. डाळिंबाचे आले (तेल्यातून बाग वाचली तर) तर तेही तिथेच. दुधाचा हिशोब दहा दिवसांनी डेअरीत, तोही बहुतेक घरात पुरुषाच्याच नावे. अंड्याचा पैसा मात्र दारात येतो, हातात पडतो आणि डब्यात जातो. आत्या म्हणतात, "अंडास्ना पैसा बाईना." मुलीच्या वह्या, आईकडे जायचं एस.टी.चं भाडं, कुणाच्या बारशाचा आहेर, हे सारं आमच्या गल्लीत त्या डब्यातून होतं. कोणाला विचारावं लागत नाही. ज्या बाईला कधी दहा रुपयांसाठी हात पसरावा लागलाय, तिला याची किंमत सांगायला नको.

म्हणूनच मला भीती वाटते ती बर्ड फ्लूची. आणि त्याहून जास्त, त्या वेळी होणाऱ्या कारभाराची.

भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्या शेजारी. पिंपळनेरवरून चरणमाळचा घाट उतरलं की नवापूर. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या फार्मवर हा रोग असल्याचं जाहीर झालं आणि लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत तो आढळला, आणि तिथे तर कोंबड्या बहुतेक घरच्याच, परसातल्या होत्या. आमचं गाव काही त्या परिघात नव्हतं. तरी बाजारात कोंबडीला गिऱ्हाईक उरलं नाही. माझ्या सासूबाईंकडे तेव्हा पंधरा कोंबड्या होत्या. सासरे म्हणाले, सोडून दे रानात. सासूबाईंनी महिनाभर खुराड्याला कुलूप घातलं, दाणापाणी आतच दिलं आणि एकही कोंबडी सोडली नाही. एकही मेली नाही. पण त्या वर्षी त्यांचा डबा मात्र रिकामाच राहिला.

मग आला जानेवारी २०२१. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात आठ-नऊशे कोंबड्या पटापट मेल्या. तो फार्म कोणाचा होता? बचतगटाचा. पुढच्याच महिन्यात रोग पुन्हा नवापुरात आला आणि पंधरा वर्षांपूर्वीचंच सगळं परत घडलं. त्या वेळी भरपाईचा दर असा होता: आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला नव्वद रुपये, मांसाच्या कोंबडीला सत्तर, अंड्याला तीन रुपये. फार्मवाल्याचं त्यानं किती भागतं ते तो जाणे. पण परसातली देशी कोंबडी बाजारात चारशे-पाचशेला जाते. ती वर्षातून दोन-तीनदा पिल्लं काढते. तिचे नव्वद रुपये? दर ठरवताना परसातली कोंबडी कोणाच्या डोळ्यासमोर नव्हती, हे यातून सरळ दिसतं.

आणखी एक. भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या कोंबडीची. आधीच मेलेल्या कोंबडीचं काही मिळत नाही. म्हणजे जी बाई घाबरून गप्प बसते, तिचंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. एकाएकी तीन-चार कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकं सुजलं, तर लपवू नका. मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलू नका, आरम नदीत तर मुळीच टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. बाकी अंडी, मटण पूर्ण शिजवलं की हा विषाणू टिकत नाही, तेव्हा खाण्याची धास्ती नको. कच्चं हाताळताना काळजी घ्यायची, एवढंच.

खरं तर आपल्या कोंबड्या बर्ड फ्लूपेक्षा मानमोडीनं जास्त मरतात. मानमोडी म्हणजे डॉक्टर ज्याला राणीखेत म्हणतात तो रोग. कोंबडी मान वाकडी करते, हिरवट हगते आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. यावर लस आहे, स्वस्तही आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटाचा थेंब, आठ आठवड्यांनी इंजेक्शन. मग अडतं कुठे? बाटलीत अडतं! लसीची बाटली शंभर पक्ष्यांची येते. एकदा फोडून पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. मी बारा कोंबड्यांसाठी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "ताई, बारा पक्ष्यांसाठी बाटली फोडता येत नाही." त्यांचंही चूक नव्हतं. मी घरी आले आणि त्या पावसाळ्यात माझी सात पिल्लं गेली.

पुढच्या वेळी आम्ही गल्लीतल्या सहा जणी एकत्र आलो. सगळ्यांची मोजदाद केली तर सत्त्याहत्तर पक्षी भरले! थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणली, सकाळी सहाला, कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी, सगळ्यांना देऊन मोकळ्या झालो. आता कॅलेंडरवर खूण करून ठेवतो. सरकारी योजनेत हे का बसत नाही, हे मला कळलेलं नाही. योजना आहेत. आठ-दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा आणि तीन नर निम्म्या अनुदानावर मिळतात, शंभर पिल्लांचा गट मिळतो. पण पक्षी दिले आणि पुढच्या लसीची सोय नाही, तर पहिल्याच साथीत अनुदान उकिरड्यावर जातं. अर्ज करायचा तोही ऑनलाइन, आणि घरातला चांगला मोबाइल असतो यांच्या खिशात. शेवटी अर्ज कुणाच्या नावे जातो, ते मी सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं पशुपालनाला शेतीसारखा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज अशा सवलती त्यातून मिळायच्या आहेत. चांगलंच आहे. पण त्यातली मोजणी हजारो पक्ष्यांची आहे. बारा कोंबड्यांच्या खुराड्याला वीजमीटर नसतं.

खुराड्याबद्दल पुष्कळ जणी विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. माझं खुराडं जुन्या कांदाचाळीच्या बांबूंचं आहे. जमिनीपासून दोन फूट उंच, म्हणजे खालून ओल लागत नाही आणि साप-मुंगूस सहज शिरत नाही. एका कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरा. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की उन्हाळ्यात ऊन आत येत नाही. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगसानं पंजा घालून माझी एक ग्रामप्रिया आतल्या आत फाडली होती, तेव्हापासून मी पैसे वाचवायचं सोडलं. आत बसायला आडवा बांबू, अंडी घालायला अंधाऱ्या कोपऱ्यात दोन खोकी, एका खोक्यावर पाच-सहा जणी भागतात.

खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं पसरायचा, आठवड्यातून दोनदा खालीवर करायचा, ओला झाला की चुना भुरभुरायचा. आत डोकावलं आणि डोळे चुरचुरले तर समजा गादी बिघडली, कोंबड्या शिंकायला लागतील. ती जुनी गादी फेकू नका. तीन-चार महिने कुजवून डाळिंबाला घाला. ताजी घातली तर झाड करपतं. खुराड्याजवळ एका घमेल्यात राख-माती ठेवा, त्यात लोळून त्या स्वतःच उवा झाडतात. शिंपल्यांचा चुरा नसला तर अंड्याचं कवच पातळ पडतं. थंडीत दिवस लहान, म्हणून अंडी कमी होतात, त्यात दृष्ट लागलेली नसते. आणि अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही, तो फक्त पिल्लांसाठी. शेजाऱ्यांना पहाटेच्या आरवण्याचा त्रास होत असेल तर कोंबडा न ठेवणं उत्तम.

आपल्या भागात दोन गोष्टी मुद्दाम सांगायला हव्यात. चाळीतला सडका कांदा कोंबड्यांना टाकू नका, तो त्यांना बाधतो. आणि बागेत फवारणी झाली की आठ-दहा दिवस त्यांना तिकडे फिरकू देऊ नका.

आता शाळेचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, अंड्यामागे पाच रुपये. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला आणि सांगितलं, द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या. आपल्या देशात माणशी वर्षाला १०३ अंडी होतात, हा २०२३-२४ चा आकडा. आहारतज्ज्ञ म्हणतात १८० हवीत. आणि ज्या पोराला घरी डाळही रोज मिळत नाही, त्याच्या ताटातलंच अंडं काढलं!

आमच्याजवळच्या एका शाळेतल्या बाईंनी मला विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही सहा जणी मिळून आठवड्याला चाळीस अंडी द्याल का? वर्गणीतून सात रुपयांनी घेऊ." आम्ही ओट्यावर बसलो. आत्या देऊ म्हणाल्या. एक जण म्हणाली, बाजारात बाराला जातं ते सातला कशासाठी? दुसरी म्हणाली, पहिलीत आपलीच नात आहे. बराच वेळ वाद झाला. आमचा आठवड्याचा माल सगळा मिळून दीडशे अंड्यांचा, त्यातली चाळीस म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त. आठवड्याला दोनशे रुपये सोडायचे, सहा डब्यांतून. शेवटी वीस अंडी सातनं आणि वीस दहानं, असं ठरलं. बाईंनी मान्य केलं. थंडीत अंडी कमी पडली तर काय, ते त्या वेळी बघू. सध्या माझी एक देशी अकरा अंड्यांवर बसलीय, पुढच्या गुरुवारी एकवीस दिवस भरतील.