वार्धक्याची तजवीज : गावाच्या अंदाजपत्रकातील एक रिकामे खाते

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना रांजणगावच्या महागणपतीचे देऊळ मागे पडले की काही वेळात कारेगाव लागते. शिरूर तालुक्यातील या गावाचे रूप गेल्या तीन दशकांत औद्योगिक वसाहतीने पार पालटले. ज्वारी-बाजरीच्या शिवाराशेजारी कारखाने आले, त्यांच्यामागे कामगार आले, कामगारांसाठी खोल्या उभ्या राहिल्या आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांना दुकानांची रांग लागली. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाच्या दृष्टीने अशी गावे तालुक्यातील अन्य गावांपेक्षा सुस्थितीत असतात. तथापि या भरभराटीत एक वर्ग मागे राहून जातो. तो गावातील वृद्धांचा.

औद्योगिक पट्ट्यातील गावांत वृद्धांचे तीन प्रकार ढोबळमानाने दिसतात. पहिला, ज्यांची जमीन गेली, मोबदला मिळाला, तो मुलांत वाटला गेला आणि हाती काही उरले नाही अशांचा. दुसरा, मराठवाडा, विदर्भ किंवा परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या आईवडिलांचा. मुलगा पाळीवर, सून कामावर आणि दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर एकटे म्हातारपण. तिसरा प्रकार या अंकाच्या वाचकांना अधिक परिचित आहे. खाली दुकान, वर घर. मुलगा-सून नातवंडांच्या शिक्षणासाठी पुण्यात. आणि वरच्या मजल्यावर जिना उतरणे अवघड झालेले आईवडील. पैशाची अडचण नाही, माणसाची आहे.

या तिघांची काळजी घेणे हे कोणाचे कर्तव्य, या प्रश्नाचे पहिले उत्तर कायद्याने दिले आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ अन्वये ही जबाबदारी प्रथम मुलांची आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेली मिळकत, अट पाळली न गेल्यास परत मिळवण्याची तरतूद कलम २३ मध्ये आहे. लातूर जिल्हा परिषदेने तर २०२० च्या अखेरीस ठराव करून, आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती पालकांकडे वळवण्याचा मार्ग अवलंबिला. स्थानिक संस्थेने आपल्या अधिकारात केलेली ही कृती राज्यभर चर्चिली गेली.

परंतु निर्वाहभत्त्याने पोट भरते. पाठ चोळायला, औषध वेळेवर द्यायला, पडल्यावर उचलायला माणूस मिळत नाही. कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्य शासनाने उभारावेत, असे म्हटले आहे. मात्र तेथील शब्दयोजना शासनाला बांधून घालणारी नसून मुभा देणारी आहे. राज्यात १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली, ती स्वयंसेवी संस्थांच्या खांद्यावर. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना ज्येष्ठांचा निवारा, आरोग्य व सन्मान हे जगण्याच्या मूलभूत हक्काचे भाग मानले आणि जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्यास सांगितले. निकाल मोलाचा, पण जिल्ह्याच्या ठिकाणचा वृद्धाश्रम कारेगावातल्या जिन्यावर अडकलेल्या आजींच्या उपयोगाचा नाही. त्यांना आपला उंबरठा सोडायचा नसतो.

येथे ग्रामपंचायतीचा प्रश्न येतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत दिले. त्यांत समाजकल्याण आहे, दुर्बल घटकांचे कल्याण आहे, आरोग्यही आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा दंडक आहे. या ओळीत ज्येष्ठांच्या नावाचे खाते दिसत नाही. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळतात, एस.टी.चा प्रवास ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य झाला. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण २०२४ मध्ये लाभले. हे सारे राज्याचे किंवा केंद्राचे. गावाने आपल्या तिजोरीतून वृद्धांसाठी काय करावे, हे गावाने ठरवायचे शिल्लक आहे.

ठरवताना पहिला मोह इमारतीचा असतो. भूमिपूजन होते, फरशी बसते, उद्घाटनाची कोनशिला लागते आणि दोन वर्षांनी दाराला कुलूप दिसते. कारण साधे आहे. इमारत हा भांडवली खर्च, तो एकदाच होतो. शुश्रूषा हा आवर्ती खर्च, तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दारात उभा राहतो. ज्या व्यापाऱ्याने दुकान बांधायला कर्ज काढले आणि खेळत्या भांडवलाची सोय केली नाही, त्याच्या दुकानाची जी गत होते तीच अशा विरंगुळा केंद्राची होते.

म्हणून आकडेमोड आधी हवी. समजा, एखाद्या गावाने २५ वृद्धांसाठी दिवसाचे देखभाल केंद्र चालवायचे ठरवले. दोन सेविकांना प्रत्येकी १८,००० रुपये, मदतनिसाला १२,०००, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या परिचारिकेला १०,०००, ने-आण करणाऱ्या रिक्षाला १८,०००. नाश्ता व जेवण माणशी ६० रुपये धरल्यास महिन्याच्या २६ दिवसांचे ३९,००० आणि वीज, स्वच्छता, औषधपेटी यांसाठी १०,०००. एकूण मासिक खर्च १,२५,००० रुपये, वार्षिक १५ लाख. दर वृद्धामागे महिना ५,००० रुपये. आकडे गृहीत आहेत, गावागणिक बदलतील. पण प्रमाण ध्यानात यावे. एक कोटी स्वउत्पन्न असलेल्या पंचायतीला हा भार १५ टक्क्यांचा, म्हणजे जड. तीन कोटींच्या पंचायतीला ५ टक्क्यांचा, म्हणजे दिव्यांगांसाठी राखून ठेवल्या जाणाऱ्या वाट्याइतका. निवासी वृद्धाश्रम म्हटला की रात्रपाळीची माणसे, स्वयंपाकघर, आजारपण आणि अंत्यसंस्कारापर्यंतची जबाबदारी येते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. एकट्या गावाने त्याच्या मागे लागू नये. तो तालुक्याने किंवा जिल्हा परिषदेने मिळून करण्याचा उद्योग आहे.

पैसा कोठून येईल? औद्योगिक पट्ट्यातील गावांना येथे एक सोय आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते आणि अनुसूची सातमध्ये वृद्धाश्रम व ज्येष्ठांची दिवसाची देखभाल केंद्रे यांचा नावानिशी उल्लेख आहे. गावाच्या वेशीवर कारखाने असलेल्या पंचायतीने हे कलम पाठ करावे. मात्र त्यातही एक मेख आहे. चालू प्रकल्प म्हणून कंपनी साधारणतः सुरुवातीच्या वर्षानंतर तीन वर्षांपर्यंतच बांधली जाते. चौथ्या वर्षी हात आखडता घेतला गेला तर २५ वृद्धांना काय सांगायचे, याचे उत्तर पहिल्या दिवशीच लिहून ठेवावे.

दिलेले वचन मोडणे किती महाग पडते, याचा दाखला इंग्लंडात आहे. तेथे १९४८ च्या कायद्याने वृद्धांच्या निवासी सोयीची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर टाकली. पुढे खर्च वाढला, कौन्सिलांनी आपली निवासगृहे खासगी संस्थांकडे सोपवली वा बंद केली, आणि आज तेथील बहुतांश निवासगृहे खासगी आहेत. डेव्हनमधील एका केंद्रात अपंग रुग्णांना ‘हे तुमचे आयुष्यभराचे घर’ असे आश्वासन देऊन हलवण्यात आले होते. आरोग्य प्राधिकरणाने ते केंद्र बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कॉगलन या रहिवासी बाईंनी दाद मागितली. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला. पेलता येईल तेवढेच सार्वजनिक संस्थेने कबूल करावे आणि कबूल केले की पाळावे, हा त्यातला बोध व्यापारी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको.

याउलट जपानने २००० साली शुश्रूषा विमा सुरू केला. नगरपालिका व ग्रामसंस्था हेच तेथे विमाकर्ते. चाळिशी उलटलेला प्रत्येक जण हप्ता भरतो आणि निम्मा खर्च करांतून भागतो. आपल्याकडे केरळने अधिक जवळचा धडा घालून दिला आहे. २००८ च्या तेथील परिहार सेवा धोरणानंतर ग्रामपंचायतींनी प्रशिक्षित परिचारिका व स्वयंसेवक यांच्या साहाय्याने अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याची पद्धत रुजवली. इमारत नाही, कोनशिला नाही. घरी येणारी परिचारिका, तिची पिशवी आणि भेटींची नोंदवही. कारेगावसारख्या गावाने आरंभ येथूनच करावा, हे शहाणपणाचे ठरेल. आधी घरभेटी, मग दिवसाचे केंद्र, आणि निवासाची गरज ज्यांना खरोखर आहे त्यांच्यासाठी तालुक्याची एकत्र व्यवस्था.

एक आक्षेप हमखास घेतला जातो : पंचायत सांभाळू लागली तर मुले हात झटकतील. आक्षेप रास्त आहे, पण उत्तरही आहे. कर्जाला जामीनदार असला म्हणून मूळ ऋणको सुटत नाही. ऐपत असलेल्या मुलांकडून केंद्राचा खर्च घ्यावा, नसलेल्यांना माफ करावा, आणि ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्यांविरुद्ध न्यायाधिकरणात अर्ज करण्यास वृद्धांना साहाय्य करावे. आईवडील दुपारभर सुरक्षित आहेत या भरवशावर सुनेला दुकानावर बसता आले, मुलाला पाळी चुकवावी लागली नाही, तर त्या कुटुंबाची आईवडिलांना जवळ ठेवण्याची ताकद वाढते.

निर्णय कोण घेणार, हा प्रश्न तितकाच गंभीर आहे. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदारयादीतील माणसे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या आईचे नाव बहुधा मूळ गावच्या यादीत असते. ज्या आजोबांना जिना उतरवत नाही, ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेला येणार कसे? ज्यांच्यासाठी ठराव व्हायचा, तेच सभेत नसतात. म्हणून ठरावापूर्वी घरोघरी जाऊन गणना व्हावी : कोण एकटे, कोण अंथरुणावर, कोणाला दिसत नाही, कोणाला दिवसभरात बोलायला माणूस नाही, आणि त्यांनाच विचारावे की त्यांना काय हवे. दरवर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव ही संकल्पना आहेच. तिच्या खाली ही गणना, अपेक्षित खर्च आणि उत्पन्नाचे मार्ग लिहून ग्रामसभेपुढे ठेवता येतात. सरपंच पाच वर्षांनी बदलतो. लिहिलेला आराखडा आणि स्वतंत्र खाते मागे राहते.

शेवटी व्यापारी समाजाचा वाटा. वाडवडिलांनी पांजरपोळ चालवले ते एकरकमी देणगीवर नव्हे. मुंबईचे पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाले, तेव्हा व्यापाऱ्यांनी मालाच्या व्यवहारामागे ठरावीक धर्मादाय रक्कम लावून घेतली. व्यापार चालू तोवर चारा चालू, असा तो हिशोब होता. थकलेल्या बैलासाठी ज्यांनी आवर्ती उत्पन्नाची बांधणी केली, त्यांच्या वंशजांना थकलेल्या माणसांसाठी ती करणे अशक्य नसावे. वैयावृत्त्य हे आभ्यंतर तपांत गणले जाते, ते बहुधा यासाठीच की त्यात टाळ्या नसतात. देणगीदाराचे नाव फरशीवर कोरता येते, परिचारिकेच्या पगारावर कोरता येत नाही. म्हणून पगाराला दाता मिळत नाही. वर्षाला १५ लाख कायम हवे असतील तर ७ टक्के व्याजाने सुमारे २ कोटी १४ लाखांची ठेव लागेल. एका घराला हे झेपणारे नाही. पण पंचायतीने तिसरा हिस्सा उचलला, कारखान्यांनी पहिली काही वर्षे तिसरा हिस्सा दिला आणि उरलेले ५ लाख महामार्गावरच्या शंभर दुकानांनी वाटून घेतले, तर एका दुकानाच्या वाट्याला वर्षाला ५,००० रुपये येतात. महिन्याला सव्वाचारशेच्या आत. कारखान्यांचा हात थांबेल तोवर ठेव साठवण्याला चार वर्षे मिळतात.

गाव करी ते राव काय करी, अशी म्हण आहे. येत्या अंदाजपत्रकाच्या ग्रामसभेला दुकान तासभर बंद ठेवून जावे, आणि जमा-खर्चाचे पान वाचून एवढेच विचारावे : यात म्हाताऱ्या माणसांचे खाते कोठे आहे? तो प्रश्न आज विचारणाऱ्यांपैकी बरेच जण वीस वर्षांनी त्याच खात्याचे लाभार्थी असतील.