खोली तापवायची की माणूस?

डिसेंबर लागला की विदर्भातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत गोंदियाचं नाव हमखास येतं. मग घरोघरी हिटर घेण्याची चर्चा सुरू होते आणि तिच्यातल्या समजुती ठरलेल्या असतात.

म्हणे तेलाचा हिटर महाग, पण वीज वाचवतो. साफ चूक. कॉइलचा असो की तेलाचा, एका युनिटातून उष्णता निघते ती एका युनिटाचीच. तेलाचा हळू तापतो, हळू निवतो, एवढंच. थर्मोस्टॅट आहे, कबूल. पण कवेलूंच्या फटींतून ऊब निसटत असेल, तर तो बंद व्हायची वेळच येत नाही.

दुसरं पालुपद, ‘महिन्याभराचाच तर प्रश्न आहे.’ मांडा गणित. 2000 वॉटचा हिटर रोज 4 तास म्हणजे 8 युनिट, महिन्याला 240. एरवी 90 युनिट वापरणारं घर 330 वर जातं. शंभरच्या आतल्या स्वस्त टप्प्यात हिटरची जेमतेम 10 युनिट बसतात. पुढची 200 जवळपास दुप्पट दराने लागतात, उरलेली 30 त्याहूनही महाग. वर 16 टक्के वीज शुल्क. एकट्या हिटरचे तीन हजारांच्या आसपास गेले! आधीच्या बिलाची सरासरी काढून अंदाज बांधणारे इथेच फसतात.

आणि आपल्याच जिल्ह्यात, तिरोड्यात 3300 मेगावॉटचा वीज प्रकल्प असताना आम्हालाच महाग का, हा सवाल? त्यातली चीड रास्त आहे. पण महावितरणचा घरगुती दर राज्यभर एकच, तो नियामक आयोग ठरवतो.

मग सिगडी बरी? बंद खोलीत मुळीच नाही. तिच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

माझं म्हणणं असं, की धडधाकट माणसाने खोली तापवूच नये, स्वतःला शेकावं. हिटरची 400 वॉटची एकच दांडी, अंगापासून मीटरभर लांब, दोन तास: महिन्याला 24 युनिट. पुढे रजई आहेच.

घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर मात्र खोलीच उबदार हवी. तिथे गरम-थंड दोन्ही करणारा एसी हिटरला मागे टाकतो. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटात दुप्पट-तिप्पट ऊब देतो. नुसत्या थंडीपायी एवढा पैसा घालणं वेडेपणाच. पण मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेल्यावर एसी घ्यायला निघतोच आपण. दुकानात तेव्हाच विचारावं, ‘हा गरम हवाही देतो का?’ घामाच्या धारा लागलेल्या असताना हे सुचणं कठीण, हेही खरं.