मसल कारला चौथा गिअर देताना

दरवर्षी ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या अमेरिकी गाड्यांचा मेळा भरतो. १९९५ साली सुरू झालेल्या या ‘ड्रीम क्रूझ’मध्ये शेव्हेल, जीटीओ, मस्टँग, चार्जर अशा गाड्यांची रांगच्या रांग रस्त्यावर उतरते. काही गाड्या ट्रेलरवर चढून येतात, काही स्वतःच्या चाकांवर. दुसऱ्या गटातल्या मालकांना एक प्रश्न सोडवावा लागतो. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची तीन गिअरची ऑटोमॅटिक गाडी आजच्या हायवेला तासन् तास चालवायची कशी?

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेलं भलं मोठं व्ही-८ इंजिन. १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून ही लाट उसळली आणि १९७०च्या शेव्हेल एसएस ४५४पर्यंत शिगेला पोचली; तिच्या एलएस६ इंजिनाची कंपनीने सांगितलेली ताकद ४५० अश्वशक्ती होती. या गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला बहुधा तीनच गिअर असत आणि तिसऱ्यात गिअरबॉक्सचं गुणोत्तर बरोबर एकास एक. पेट्रोल स्वस्त होतं, चौथ्याची गरज कोणाला वाटली नाही.

ती गरज निर्माण केली १९७३च्या तेलसंकटाने. जानेवारी १९७४मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, १९७५मध्ये मायलेजचा कायदा झाला आणि १९७८च्या मॉडेलपासून तो लागू झाला. मायलेज वाढवायचं तर हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करायला हवेत. म्हणून फोर्डने १९८०मध्ये एओडी आणला, जनरल मोटर्सने १९८१मध्ये २००-४आर आणि १९८२मध्ये ७००आर४. चौथ्या गिअरमध्ये प्रोपेलर शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरतो, हाच ओव्हरड्राइव्ह. ज्या संकटाने मसल कारचा जमाना संपवला, त्याच संकटातून जन्मलेले गिअरबॉक्स आज त्या गाड्यांना पुन्हा लांबच्या प्रवासाला लायक करत आहेत. या बदलाचं मनापासून स्वागत करायला हवं. मात्र गिअरबॉक्सची निवड नावलौकिकावर होते, ती हिशेबावर व्हायला हवी.

हिशेब असा. ताशी मैलांना मागच्या एक्सलच्या गुणोत्तराने गुणायचं, मग ३३६ने गुणायचं आणि टायरच्या इंचातल्या व्यासाने भागायचं. येतात ते इंजिनाचे मिनिटाला फेरे. एक्सल ३.७३चा, टायर २६ इंची आणि वेग ताशी ७० मैल, म्हणजे साधारण ११३ किलोमीटर असेल, तर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे ३,३७५ फेरे घेतं. टॉर्क कन्व्हर्टर थोडा घसरतो, तेव्हा प्रत्यक्षात आणखी काही जास्त. एवढ्या आवाजात शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलायलाही ओरडावं लागतं. ७००आर४च्या ०.७० ओव्हरड्राइव्हमध्ये हाच आकडा २,३६०वर येतो, २००-४आरच्या ०.६७मध्ये २,२६०वर.

नुसता ओव्हरड्राइव्ह पाहून भागत नाही. खरी मेख पहिल्या गिअरमध्ये आहे. जनरल मोटर्सच्या जुन्या, तीन गिअरच्या टर्बो ३५० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.५२चा, ७००आर४चा ३.०६चा. गाडी जागेवरून जोरात निघते, हे खरं. पण त्याचा दुसरा गिअर १.६३चा आहे. पहिल्यात इंजिन ५,००० फेऱ्यांवर नेऊन गिअर बदलला की ते थेट २,६६०वर कोसळतं. टर्बो ३५०मध्ये ते ३,०००च्या आसपास राहायचं. मोठ्या कॅमचं, वरच्या फेऱ्यांत रंगणारं इंजिन या खड्ड्यात पडलं की गाडी दोन क्षण मेल्यासारखी वाटते. २००-४आरचे गिअर २.७४ आणि १.५७ असल्याने त्यात हाच आकडा साधारण २,८६५ येतो. फरक कागदावर छोटा दिसतो, ॲक्सिलरेटरखाली चांगलाच जाणवतो.

७००आर४ची बाजूही मांडायला हवी. गाडीला ३.०८चा एक्सल असेल आणि तो बदलायचा नसेल, तर ३.०६चा पहिला गिअर कामी येतो. दोहोंचा गुणाकार ९.४२ होतो आणि टर्बो ३५० व ३.७३च्या एक्सलचा गुणाकारही ९.४०च. सुरुवातीची उडी तीच मिळते, एक्सलला हात न लावता. साध्या, मूळ ट्यूनच्या ३५० घनइंची इंजिनाला हे जमतं. पण त्याच गाडीत ताशी ४५ मैलांना गिअरबॉक्स चौथ्यात गेला तर इंजिन १,२५० फेऱ्यांवर येतं. मोठा कॅम असलेलं इंजिन तिथे धडधडतं, कण्हतं. अशा गाडीला ओव्हरड्राइव्ह लावायचा तर एक्सलही बदलायला हवा, आणि त्याचा खर्च आधीच धरायला हवा.

बसवणीचा मुद्दा कमी महत्त्वाचा नाही. २००-४आरची लांबी छोट्या शेपटीच्या टर्बो ३५०एवढीच आहे, त्यामुळे जुना प्रोपेलर शाफ्ट सहसा तसाच चालतो. गिअरबॉक्स पेलणारा क्रॉस मेंबर तेवढा मागे सरकवावा लागतो. ७००आर४ सुमारे तीन इंच लांब, तेव्हा शाफ्ट कापून नव्याने बॅलन्स करावा लागतो. शिवाय बहुतेक २००-४आरच्या तोंडावर शेव्हरलेच्या आणि ब्युइक-ओल्ड्समोबील-पॉन्टिॲकच्या अशा दोन्ही बोल्ट-मांडणीची भोकं असतात. जीटीओवाल्याला ७००आर४साठी ॲडॅप्टर प्लेट लागते, २००-४आरसाठी नाही. २००-४आर नाजूक आहे, असा आक्षेप घेतला जातो. सेडान आणि स्टेशन वॅगनमधून काढलेला, न उघडता बसवला तर तो खरा आहे. पण १९८७च्या ब्युइक ग्रँड नॅशनलच्या २४५ अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनामागे हाच गिअरबॉक्स होता. चांगले भाग घालून बांधलेला २००-४आर रस्त्यावरच्या शेव्हेलला पुरून उरतो.

दोन्ही गिअरबॉक्स सर्वांत जास्त जळतात ते एका केबलपायी. टर्बो ३५०मध्येही कार्ब्युरेटरपासून एक केबल जाते, पण ती फक्त किकडाउनची. तेलाचा दाब इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ठरतो. २००-४आर आणि ७००आर४मधली टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल, दिसायला तशीच असली तरी ती तेलाचा दाबही ठरवते. ती ढिली राहिली की दाब कमी पडतो, क्लच घसरतात, तापतात आणि काही मैलांतच नवा बांधलेला गिअरबॉक्स जळून जातो. किकडाउनची केबल समजून ती अंदाजाने अडकवणारे लोक हेच करून बसतात.

तपासणी सोपी आहे, पण दोन माणसं लागतात. इंजिन बंद. एकाने आत बसून ॲक्सिलरेटर तळाशी दाबून धरायचा, दुसऱ्याने बॉनेटखाली वाकून पाहायचं की कार्ब्युरेटरचा लिव्हर पूर्ण उघडलाय का आणि त्याच क्षणी केबल पूर्ण ताणली गेलीय का. जनरल मोटर्सच्या मूळ केबलवर एक छोटी कळ असते; ती दाबून स्लायडर मागे ढकलायचा, कळ सोडायची आणि थ्रॉटल शेवटपर्यंत उघडायचा. कटकट आवाज करत स्लायडर स्वतः जागेवर बसतो. होली किंवा एडलब्रॉकचा कार्ब्युरेटर असेल तर एवढ्यानेही भागत नाही. लिव्हरवर केबल ज्या बिंदूला जोडायची तो बदलतो, ओढीचं प्रमाण बिघडतं आणि दुरुस्तीची खास ब्रॅकेट लागते. हजारो डॉलरच्या कामात या छोट्या पट्टीचे पैसे वाचवणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. कन्व्हर्टरची घसरण थांबवणाऱ्या लॉकअपची वायरही अशीच राहून जाते. ती न जोडता चौथ्या गिअरमध्ये लांब पल्ला मारला की तेल तापत राहतं.

ज्यांना केबल नकोच, किंवा ज्यांच्या गाडीत ४५४सारखं राक्षसी इंजिन आहे, त्यांच्यासाठी ४एल८०ई. १९९१मध्ये अवजड पिकअपसाठी आलेला हा गिअरबॉक्स मुळात तीन गिअरच्या जुन्या टर्बो ४००चाच वारस, २.४८, १.४८, १.०० हे तिन्ही गिअर तेच, वर ०.७५चा ओव्हरड्राइव्ह. पहिला गिअर उथळ असला तरी मोठ्या इंजिनाकडे टॉर्कची कमतरता नसते. मात्र तो जड आणि धिप्पाड आहे, शाफ्ट बदलावा लागतो, आणि तो वेगळ्या कंट्रोलरशिवाय आणि थ्रॉटलच्या सेन्सरशिवाय चालत नाही. साध्या ३५०च्या गाडीत तो बसवणं म्हणजे उगाच वजन वाहणं.

फोर्डवाल्यांनी एओडीपेक्षा १९९३चा ४आर७०डब्ल्यू पाहावा. एओडीचा पहिला गिअर २.४०चा, याचा २.८४चा, फक्त यालाही कंट्रोलर लागतो. क्रायस्लरवाल्यांची अडचण मोठी आहे. त्यांच्या ओव्हरड्राइव्हवाल्या ए५१८ गिअरबॉक्सची शेपटी इतकी जाड की चॅलेंजर, चार्जरसारख्या गाड्यांच्या तळाचा टनेल कापावा लागतो. ते करू नये. त्यांच्या जुन्या, तीन गिअरच्या ७२७ टॉर्कफ्लाइटच्या मागे गिअर व्हेंडर्स कंपनीचा ०.७८चा वेगळा ओव्हरड्राइव्ह जोडता येतो. तो महाग पडतो, पण त्यात कापाकापी कमी होते.

न कापण्याचा हा आग्रह भारतात तर कायद्याशीच जोडलेला आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. तशी नोंदलेली गाडी नेहमीच्या वापरालाही काढता येत नाही. मुंबई-पुण्याच्या रॅलीत वर्षातून एखाद्या वेळी उतरणाऱ्या गाडीला म्हणूनच जुने तीन गिअर पुरेत.

अमेरिकेत मात्र, जिथे या गाड्या खरोखर मैलोन् मैल धावतात, तिथे शेव्हेल किंवा जीटीओच्या मालकाने नीट बांधलेला २००-४आर, ३.४२ ते ३.७३चा एक्सल आणि तेलासाठी वेगळा कूलर एवढं घ्यावं. काढलेल्या मूळ गिअरबॉक्सवर १९६८नंतर गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. तो भंगारात देऊ नये. तोंडं बंद करून गॅरेजमध्ये जपून ठेवावा आणि गाडी विकताना पुढच्या मालकाच्या हवाली करावा.