पैसा येण्याआधी वाटे ठरवा

महाराष्ट्रात ४७ वर्षे कॅसिनोचा कायदा होता, पण कॅसिनो एकही नव्हता. १९७६ साली मंजूर झालेला महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोवा, दमण आणि दीवचा जुगारविषयक कायदाही १९७६ चाच. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या आणि मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे उभी राहिली. महाराष्ट्राने तो रस्ता धरला नाही, हे योग्यच झाले. मात्र कॅसिनो हवेत की नकोत, या वादात दुसरा प्रश्न मागे राहिला. एखाद्या व्यवसायातून सरकारला मोठी रक्कम मिळू लागली, तर त्यातले गावाच्या सोयींना किती आणि शाळेला किती? वाढवण बंदरामुळे पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरीला हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्याने या प्रश्नाचे उत्तर थेट राज्यघटनेत लिहून ठेवले. २००९ साली तिथल्या मतदारांनी चार शहरांत कॅसिनोंना परवानगी दिली, ती वाटणी ठरवूनच. कॅसिनोच्या ढोबळ उत्पन्नावर ३३ टक्के कर. त्या कराचे ५१ टक्के काउंटींना, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांना; ३४ टक्के शाळांना, तेही विद्यार्थिसंख्येनुसार; ५ टक्के ज्या शहरात कॅसिनो आहे त्या शहराला. उरलेल्यात नियंत्रण यंत्रणा, पोलिसांचे प्रशिक्षण आणि जुगाराच्या व्यसनावरील उपचार यांचेही वाटे आहेत. सरकार बदलले म्हणून हे आकडे बदलत नाहीत.

मेरीलँडचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. २००८ साली तिथे जुगार यंत्रांना मान्यता मिळाली ती शिक्षणाच्या नावावर. पैसा शिक्षण निधीत जमाही होऊ लागला. पण एका बाजूने हा पैसा येत असताना दुसऱ्या बाजूने शाळांना मिळणारा नेहमीचा पैसा इतर खर्चांकडे वळू लागला. शाळांच्या हाती पडणारी रक्कम अपेक्षेएवढी वाढली नाही. अखेर २०१८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून बजावले, की कॅसिनोचा पैसा शाळांच्या नेहमीच्या तरतुदीवर जादा म्हणूनच द्यावा लागेल.

'जादा' हाच यातला कळीचा शब्द आहे. आपल्याकडेही त्याचा विसर पडतो. केंद्राने माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी १ टक्का उपकर लावला. २००६-०७ ते २०१७-१८ या काळात त्यातून ९४ हजार कोटींहून अधिक रुपये जमले, पण ज्या स्वतंत्र निधीसाठी ते होते तिथे ते वर्ग झाले नाहीत, असे कॅगने दाखवून दिले. कर भरणाऱ्याने शिक्षणासाठी म्हणून पैसे दिले आणि ते सरकारच्या एकत्रित निधीत मिसळून गेले.

याउलट उदाहरणही आहे आणि ते महाराष्ट्राचेच आहे. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. १९७५ चा हा कर रोजगार हमी योजनेसाठी बसवला गेला. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने त्यासाठी स्वतंत्र निधी केला आणि राज्याने आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालावी, असे ठरवले. शहरातला पैसा खेड्यातल्या मजुराच्या हाती जाण्याची वाट कायद्यानेच आखून दिली.

डहाणू-तलासरीला अशा वाटणीचा स्वतःचा अनुभव आहे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम २०१५ पासून थेट पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना दिली जाते. ती कशावर खर्च करायची हे ग्रामसभा ठरवते. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण, वनीकरण आणि जलसंधारण, असे चार भाग शासन निर्णयाने पाडून दिले आहेत. मंत्रालयातून निघालेला पैसा पाड्याच्या हिशेबात येतो, ही मोठी गोष्ट आहे.

अर्थात कागदावरचे भाग पाड्यावर तितके वेगळे राहत नाहीत. थकबाकीमुळे जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यात वारंवार येतात. ते बिल शिक्षणाचा खर्च की ग्रामपंचायतीचा, हे ठरेपर्यंत वर्गातला पंखा बंद राहतो, मोटार चालत नाही आणि शौचालयाला पाणी नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढली. शाळा चालवायची तर पाणी, वाट आणि घरचे काम यांचाही विचार करावा लागतो, हे या मातीने फार आधी ओळखले होते. म्हणून वाट्यांची किमान मर्यादा कायद्याने ठरवावी आणि त्यापुढचा निर्णय ग्रामसभेवर सोडावा.

हे आज बोलायचे कारण डहाणू तालुक्यातले वाढवण बंदर. ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा हिस्सा ७४ टक्के, तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा २६ टक्के आहे. डहाणूच्या मच्छीमारांचा विरोध कायम आहे आणि वाटा मागणे म्हणजे त्या विरोधावर पाणी सोडणे नव्हे. पण बंदर झालेच, तर त्याचा भार डहाणूच्या किनाऱ्यावर, रस्त्यांवर, दवाखान्यांवर आणि शाळांवर पडणार. उत्पन्न मात्र बंदर चालवणाऱ्या कंपनीच्या आणि सरकारच्या ताळेबंदात जमा होणार.

राज्याला आपल्या २६ टक्क्यांतून जे मिळेल, त्यातला ठरावीक वाटा बाधित गावांच्या सेवांना आणि ठरावीक वाटा डहाणू-तलासरीच्या जिल्हा परिषद शाळा व आश्रमशाळांना, असे विधिमंडळाने कायद्यात लिहावे. हा पैसा नेहमीच्या तरतुदीवर जादा असेल आणि त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचला जाईल, ही दोन कलमे त्यात हवीतच. पालघरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी मांडावी. त्याआधी गावांनी आपल्या ग्रामसभेत तसा ठराव करून तो त्यांच्या हाती द्यावा.